पट्टे मागीर मोज

तात्यांनी मला एकाही माशाचे शास्त्रीय नाव शिकवले नाही. त्यांना ते ठाऊकही नव्हते. तरी खडपांतले मासे आज मी ज्या खात्रीने ओळखते, ती बरीचशी त्यांची आहे. मालवणात त्यांची होडी होती. मी कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकणारी, बरण्या बघून तयार झालेली मुलगी.

बरणीतला मासा अर्धेच सांगतो. फॉर्मलिनमध्ये काळे पट्टे टिकतात, पिवळा रंग मात्र लवकर उडतो. सिंधुदुर्गाच्या तटाखाली जे पट्टेरी अबुडेफडफ फिरतात, त्यांच्या बाबतीत नेमके हेच नडते. लांबी फार तर वीतभर, अंगावर उभे काळे पट्टे, आणि सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ. पाण्यातून डोके वर काढून मी पट्ट्यांचा आकडा सांगू लागले की तात्या वल्ह्यावर हात ठेवून म्हणत, "बाय, पट्टे मागीर मोज. मासो खंय गावलो ता आधी सांग."

खडपाला लागून की वरच्या पाण्यात? एकटा की थव्यात? मग शेपटी, आणि पट्टे सगळ्यांत शेवटी. या क्रमाने गेले की गुंता सुटत जाई. तळापासून वर, मोकळ्या पाण्यात थव्याने तरंगते जीव टिपणारा, पाच पट्ट्यांचा, पाठीवर पिवळी झाक असलेला तो वैगिएन्सिस. तसाच दिसणारा, पण शेपटीच्या दोन्ही पात्यांवर काळी रेघ, तर सेक्सफॅसिएटस. किनाऱ्याजवळच्या खडपाला धरून एकटादुकटा, पट्टे सहा-सात आणि बारीक, शेपटीची टोके गोलसर, तो बेंगालेन्सिस.

भांगाचे दिवस असले, ओढ कमी आणि पाणी निवळलेले, की तात्या स्वतःहून निरोप धाडत. अशाच एका सकाळी त्यांनी एका कपारीवर होडी नांगरली आणि नुसते बोट दाखवले. खाली खडकाच्या उभ्या अंगावर तळहाताएवढा जांभळट डाग होता. जवळ गेल्यावर कळले, दाटीने चिकटवलेली अंडी. त्यांच्यावर एक वैगिएन्सिस पंखांनी पाणी घालत होता. अंगावर निळसर छटा चढलेली, एरवीची पिवळी झाक दबलेली. मी हात पुढे केला तर थेट मास्कच्या काचेवर धडकला. वर आले तेव्हा तात्या हसत होते. "तो बापूस आसा, आवस नाय." अंडी नर राखतो हे मी नंतर पुस्तकात वाचले.

पुस्तकांचेही देणे आहेच. बेंगालेन्सिसचे पहिले वर्णन 1787 साली बर्लिनच्या मार्कुस ब्लोखने केले. तो पेशाने वैद्य. वैगिएन्सिसचे 1825 मध्ये क्वॉय आणि गेमार यांनी केले. दोघे फ्रेंच नौदलातले शल्यविशारद. 'द फिशेस ऑफ इंडिया' लिहिणारा फ्रान्सिस डे हाही मद्रासकडचा लष्करी डॉक्टर. माशांवर डॉक्टरांचे एवढे उपकार का, कोण जाणे! पण ब्लोखपुढे आपल्याकडचा मासा आला तो मेलेला, लांबचा प्रवास करून. तात्यांपुढे तो रोज जिवंत होता, आणि माझ्या मते खडपातला मासा ओळखताना तेच ज्ञान आधी लागते.

पर्यटकांकडून तात्या भाडे चोख घेत, माझ्याकडून फक्त डिझेलचे. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले. त्याविषयी त्यांचे मत इथे छापण्यासारखे नाही. आता ते नाहीत. मी शिकवते, आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या नोंदवहीत पहिला रकाना जागेचा असतो, पट्ट्यांचा शेवटचा.

मालवणला स्नॉर्केलिंगला जाल तेव्हा पावाचे तुकडे नेऊ नका. पावापाशी जमलेला थवा बघून मासा कुठे राहतो ते कळत नाही. थोडा वेळ एकाच खडपावर थांबा, आणि पाय टेकायचाच तर वाळू बघून टेका.