मोत्या घरी रुळतो

कुत्रा घराची राखण करतो, असे आम्ही क्रमिक पुस्तकांत वाचले आहे. जोयडा तालुक्यात मात्र रात्री कुत्र्याचीच राखण करावी लागते! २००७ साली व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित झालेले आणि पुढे काळी नदीचे नाव मिळालेले अरण्य आमच्या कुंपणापासून दूर नाही. अंगणात बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यापुढे वाढलेले पानच. म्हणून गेल्या आषाढाच्या आरंभी बेळगावच्या एका आश्रयगृहातून मोत्याला आणले, तेव्हा तो घरातच निजणार हे ठरलेले होते. आजीची अट एकच. "श्रावण लागायच्या आत त्याने माजघर बाटवणे थांबवले पाहिजे, नाहीतर आला तसा परत पाठवा."

मोत्या दोन वर्षांचा, तांबूस, कानाला छोटीशी खाच असलेला. नसबंदी झालेल्या कुत्र्याची ती खूण. तीन दिवस तो कणगीमागे अंग चोरून बसला. भांडे पडले तरी थरथरे. आम्ही भावंडांनी त्याला ओढून काढले नाही, जवळच भुईवर अभ्यास करीत बसलो. चौथ्या दिवशी त्याने आपण होऊन आमच्या वहीवर नाक टेकले.

खरी अडचण पुढेच होती. अंगणात त्याला पाऊण तास फिरवावे, आणि आत येताच त्याने माजघराच्या सिमेंटवर देहधर्म उरकावा! आजीला तो द्वाडपणा वाटे. आम्हांला ते पटेना. विचार करता उलगडा झाला. आश्रयगृहात त्याच्या पायांखाली सिमेंटच होते, आणि ज्या भुईची सवय तीच कुत्र्याला योग्य वाटते. आमची ओली तांबडी माती त्याला परकी होती.

मग माजघर पुसलेले फडके गोठ्याच्या वळचणीखाली नेऊन ठेवले आणि जमीन शिरक्याच्या पाण्याने धुतली. कारण आपल्याला न येणारा वास त्याला जागा दाखवीत राहतो. पहाटे, जेवणानंतर, झोपेतून उठताच व निजण्यापूर्वी त्याला तेथेच नेत असू. आणि जोयड्याचा तो आषाढ! एकाने छत्री धरावी, दुसऱ्याने विजेरी रानाकडे रोखावी, आणि मोत्याने बेडकाकडे टक लावून उभे राहावे. काम होताच, तेथल्या तेथे, सुक्या मासळीचा तुकडा. घरात आल्यावर दिला तर ते आत येण्याचेच बक्षीस ठरते. फटका मात्र एकही नाही. मार खाल्लेला कुत्रा इतकेच शिकतो की हे माणसादेखत करू नये.

दिव्याच्या अवसेच्या रात्री मोत्या उठला आणि दार हुंगत कण्हू लागला. आम्ही डोळे चोळीत उठेपर्यंत आजीने आगळ काढली होती. विजेरी तिच्याच हाती होती.