लंडनची छत्री आणि सांगलीचा पूर

मुलांनो, आज एक खेळ खेळू या. मी गावाचं नाव सांगते. तुम्ही डोळे मिटायचे आणि तिथली हवा कशी असेल ते पटकन सांगायचं. विचार करत बसायचं नाही हं!

लंडन? ‘सदा पाऊस!’ महाबळेश्वर? ‘कडाक्याची थंडी!’ चेरापुंजी? ‘पाणीच पाणी!’ आणि आमची सांगली? ‘महापूर!’

आमचं माधवनगर सांगलीला अगदी खेटून आहे. इथं मी चौथीच्या वर्गाला शिकवते आणि दरवर्षी हा खेळ घेते. उत्तरं दरवर्षी हीच येतात. घरी आई-बाबांना विचारून बघा, तेही बहुधा हेच सांगतील. ही उत्तरं अगदीच खोटी नाहीत, पण पुरती खरीही नाहीत. चला, एकेकाला पट्टी लावून मोजू या.

आधी लंडन. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. सरळ उभ्या भिंतींच्या भांड्यात पावसाचं पाणी जेवढं उंच चढेल, तेवढा पाऊस. लंडनला वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. आणि आपल्या सांगलीला? साधारण ६०० मिलिमीटरच! काय, बसला ना धक्का? मुंबईत तर याच्या तिप्पट-चौपट पडतो. मग छत्री लंडनचीच का गाजली? कारण तिथला पाऊस बारीक असतो आणि बाराही महिने थोडा थोडा येतो. वर्षातले शंभराहून अधिक दिवस तिथं पावसाचे असतात. हवा थंड, त्यामुळं रस्ताही लवकर वाळत नाही. आपल्याकडं तेवढंच पाणी जून ते ऑक्टोबर एवढ्यातच येतं, आणि त्यातलं बरंचसं मोजक्या जोरदार सरींत. उरलेले महिने कोरडे. एप्रिल-मेमध्ये तर पारा चाळिशीला टेकतो. म्हणजे बघा, बेरीज सारखी, पण हिशेब निराळा!

आता महाबळेश्वर. मे महिन्यात तिथं गारवा असतो, हे अगदी खरं. पण जानेवारीतल्या रात्री? पुण्याचं रात्रीचं तापमान तेव्हा सरासरी ११-१२ अंशांपर्यंत उतरतं, तर महाबळेश्वरचं १३-१४ अंशांपर्यंत. थंड हवेच्या ठिकाणापेक्षा पुणं गार! याचं कारण सोपं आहे. गार हवा जड असते. रात्री ती पाण्यासारखी उतारावरून खाली येते आणि सखल भागात साचून राहते. महाबळेश्वरातसुद्धा दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात त्या वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या सखल भागातल्या.

चेरापुंजीचंही तसंच. तिथं वर्षाला ११ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण डोंगरउतारावरून ते पाणी सगळं धावत खाली निघून जातं. हिवाळ्यात तिथल्या बायकामुलांना पिण्याचं पाणी लांबून वाहून आणावं लागतं. भरपूर पाऊस पडला म्हणजे भरपूर पाणी मिळालं, असं नसतं बरं का!

आता येऊ या आपल्या घरी. ‘सांगली म्हणजे पाणी’ ही समजूत उगाच झालेली नाही. कृष्णाकाठचा ऊस, हळद आणि मळे बघितले की कुणालाही तसंच वाटेल. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेनं व्याकूळ झालं, तेव्हा पाण्याची रेल्वेगाडी गेली ती आपल्या मिरजेहूनच. पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या आणि त्यांत ५ लाख लिटर पाणी. आणि त्याच उन्हाळ्यात आपल्याच जिल्ह्यातल्या जत तालुक्यात लोक टँकरची वाट बघत होते!

ऑगस्ट २०१९ मध्ये तर कमालच झाली. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर चढलं. तिथं ४५ फूट ही धोक्याची खूण आहे, म्हणजे धोक्यावर आणखी १२ फूट! शाळा बंद झाल्या. घरं, दुकानं, गोठे पाण्यात गेले. पाणी ओसरल्यावर वर्ग भरला, तेव्हा सांगलीच्या गावभागातून आलेला एक मुलगा सगळ्यांना सांगत होता, “आमच्या माळ्यापर्यंत पाणी आलं होतं.” त्याच्या शेजारी एक मुलगी बसली होती. तिचं आजोळ जत तालुक्यातलं. ती म्हणाली, “माझ्या मामाच्या गावाला अजून टँकरच येतोय.”

“बाई, ही खोटं बोलतीया!” मुलगा एकदम ओरडला. “सांगली जिल्ह्यात एवढा पूर आणि म्हणे टँकर!”

मुलगी रडवेली झाली. हळूच म्हणाली, “खोटं न्हाई बाई. आमच्या मामीनं त्या टँकरच्या पाण्यातच पीठ मळलं आणि पूरवाल्यांसाठी भाकरी पाठवल्या. सगळ्या गावानं पाठवल्या.”

वर्ग चिडीचूप झाला. त्या मुलानं मान खाली घातली आणि विचारलं, “ज्वारीच्या होत्या काय? आम्ही निवाऱ्याच्या शाळेत होतो तिथं ज्वारीच्या भाकरी आल्या होत्या.” त्या भाकरी नेमक्या मामीच्याच होत्या की काय, ते कुणाला कळणार? पण त्या दिवसापासून दोघं एका डब्यात जेवायला लागले.

मुलांनो, ती मुलगी खरंच बोलत होती. एकाच जिल्ह्यात, एकाच आठवड्यात, एकीकडं होड्या आणि दुसरीकडं टँकर! असं का होतं ते नकाशा घेऊन बघा. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथंच मोकळे होतात. डोंगर ओलांडून पूर्वेला उतरलेला वारा कोरडा असतो. या कोरड्या पट्ट्याला पर्जन्यछाया म्हणतात, हे तुम्ही भूगोलात वाचलंच असेल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून जेमतेम २० किलोमीटरवर पाचगणी, तिथं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. घाट उतरून वाईला आलात, की त्याहूनही कितीतरी कमी. आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जनावरांसाठी चारा-छावण्या उघडाव्या लागतात.

आपल्या सांगली जिल्ह्याचंही तेच. पश्चिमेला शिराळा तालुक्यात, चांदोलीच्या डोंगरात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पूर्वेला आटपाडी-जतला चारशे-पाचशेवर समाधान मानायचं, आणि तोही बराचसा परतीचा पाऊस. या सगळ्याची सरासरी काढून ‘सांगलीची हवा अशी’ म्हणायचं, म्हणजे बाप आणि तान्हं बाळ यांच्या उंचीची सरासरी काढून दोघांना एकाच मापाचा सदरा शिवण्यासारखं आहे. बापाला तो होणार नाही आणि बाळ त्यात हरवून जाईल!

कोरडी हवा म्हणजे नुसतं दुःख, असं मात्र समजू नका. माधवनगरहून बुधगाव, कवलापूर करत तासगावच्या वाटेला लागलात, की द्राक्षाचे मळे दिसू लागतात. आपला बेदाणा देशभर जातो. द्राक्षं वाळायला कोरडाच वारा लागतो. महाबळेश्वरच्या पावसात बेदाणा करायला बसलं तर बुरशीच हाती येईल. आटपाडीचं डाळिंब त्याच कोरड्या मुलखातलं. आता म्हैसाळ, टेंभू, ताकारी या योजनांमधून कृष्णेचं पाणी उचलून पूर्वेकडंही नेलं जातं.

राहिला प्रश्न पुराचा. सांगलीला पाऊस लंडनइतकाच, मग पूर येतो कुठून? तो येतो पाहुणा म्हणून! कृष्णा आणि कोयना, दोघी महाबळेश्वरच्या डोंगरातून निघतात आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर भेटतात. वारणा हरिपूरला, म्हणजे सांगलीच्या अंगणातच, कृष्णेला मिळते. डोंगरावर पडलेलं सगळं पाणी आपल्या दारावरून पुढं जातं. २३ जुलै २०२१ च्या सकाळी महाबळेश्वरला आधीच्या २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. म्हणजे लंडनचा आणि सांगलीचा जवळजवळ वर्षाचा पाऊस एका दिवसात! पुढच्या दोन-तीन दिवसांत सांगलीत पुन्हा महापूर होता.

पालकहो, ही गोष्ट आपल्यासाठीही आहे. पुराच्या वेळी पुष्कळ लोक अंगणात येऊन आभाळाकडं बघतात. “इथं तर ऊन पडलंय, कसला पूर येतोय?” असं म्हणून घरातच थांबतात. मग रात्री पाणी उंबऱ्याला लागतं. आपलं आभाळ आपल्याला नदीची बातमी देत नाही. ती बातमी महाबळेश्वरचा पाऊस, कोयनेचा विसर्ग आणि आयर्विन पुलावरची फुटांची खूण देते. बाहेर पडायला सांगितलं की बाहेर पडावं, ऊन असलं तरी. आणि मदत पाठवताना ‘सांगली जिल्हा’ एवढंच न लिहिता गावाचं नाव विचारावं. कुणाला कोरडे कपडे हवे असतील, कुणाला घागरभर पाणी.

म्हणून मुलांनो, कुणी म्हणालं की अमक्या गावाची हवा तमकी, तर तीन प्रश्न विचारा. नेमकं कुठं? कोणत्या महिन्यात? आणि मोजलं कुणी?

मोजणं तर तुम्हांलाही जमेल. सरळ उभ्या भिंतींचा आणि सपाट बुडाचा एक डबा घ्या. झाडापासून आणि वळचणीपासून दूर, उघड्यावर, विटांच्या आधारानं ठेवा. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीनं आतलं पाणी मोजा, वहीत तारीख घालून लिहा आणि डबा रिकामा करा. हवामान खातंही याच वेळी पाऊस मोजतं. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायला विसरू नका, शून्यसुद्धा फार मोलाचं असतं! आजोळी किंवा दुसऱ्या गावी तुमचं मामे-मावस भावंड असेल, तर त्यालाही डबा ठेवायला सांगा. महिन्यानं दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघा, आणि काय दिसलं ते आपल्या वर्गातल्या बाईंना नाहीतर गुरुजींना दाखवा.