मनवेलपाड्याचा तिरकामठा

विरार पूर्वेचा मनवेलपाडा आज चाळी-इमारतींनी गजबजला आहे. नावात मात्र 'पाडा' टिकून आहे. पालघरच्या डोंगरपट्टीत वारली बांधवांच्या पाड्यांवर तिरकामठा हा पोटाचा सोबती होता. बांबू तासून तो घरीच तयार होई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली.

जवळच सोपारा. तेथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात. अशोकाने धम्मयात्रा सुरू केली, असे हा लेख सांगतो. पण राजाची शिकार मौजेची होती, आदिवासींची पोटासाठी. हा फरक आपण विसरू नये.

शिकार सुटली तरी धनुष्य सुटले नाही, ते मैदानावर आले. 'इंडियन राउंड' स्पर्धेत आजही साधे बांबूचे धनुष्य चालते. ऑलिंपिकसाठी मात्र २०२४ पर्यंत रिकर्व्हच लागे. २०२३ मध्ये बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी जगज्जेते झाले, ते चाकांच्या कंपाऊंड धनुष्यावर. साहजिकच नव्या मुलांची ओढ तिकडे आहे.

पण ही धनुष्ये घरी होत नाहीत आणि मजुराच्या खिशाला परवडत नाहीत. एकलव्याचा अंगठा द्रोणाचार्याने मागितला. आज तो किंमत मागते! तरीही सरडे गावच्या मजुराचा मुलगा प्रवीण जाधव २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला पोहोचला, कारण शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीचे दार त्याला उघडे मिळाले.

मातापित्यांनो, मुलांना सोपाऱ्याचा स्तूप दाखवा. आणि परतताना अशा दारांची चौकशीही करा.

जय भीम!