अवरेकाईच्या दिवसांत बंगळूर

वाचकहो, बंगळूरला जावयाचे ते उन्हाळ्यात, असा आपल्याकडे एक जुना समज आहे. मुंबई-पुण्याच्या उकाड्याला कंटाळलेल्या मंडळींनी तो रूढ केला असावा. मी मात्र सांगेन की जमल्यास जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जा. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या या शहरात तेव्हा पहाटे दाट धुके उतरते, आणि बाजाराच्या प्रत्येक कोपऱ्यावर दवाने ओल्या झालेल्या हिरव्या शेंगांचे ढीग लागलेले असतात. त्या शेंगेचे नाव अवरेकाई.

तिची आणि माझी पहिली ओळख कागदावर झाली. माझा व्यवसाय भाषांतराचा. इंग्रजीतून आलेली एक पाककृती मराठीत उतरविताना 'अवरेकाई' हा शब्द आला. कोश पाहिला, 'पावटा' असे लिहिले आणि पुढच्या पानाकडे वळले. अंक निघाल्यावर मल्लेश्वरमला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा निरोप आला : "तुझा पावटा काकूंना दाखविला. त्या म्हणाल्या, त्या मुलीला एकदा इकडे पाठवून दे." वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने माझे फारसे चुकले नव्हते. आपला वाल, आपला पावटा आणि कर्नाटकातील अवरे ही एकाच जातीच्या वेलीची लेकरे आहेत. पण स्वयंपाकघर वनस्पतिशास्त्रावर चालत नाही.

मुंबईहून उद्यान एक्सप्रेस पुणे, सोलापूर, रायचूर, गुंटकल अशी वळणे घेत सुमारे एका दिवसात बंगळूरला पोहोचते. शहराचे अधिकृत नाव २०१४ पासून बेंगळूरु झाले आहे. मला सवयीने बंगळूरच लिहिणे सोपे जाते, वाचकांनी क्षमा करावी. या नावाचीही एक गोष्ट सांगतात. वाट चुकलेल्या एका बल्लाळ राजाला एका म्हातारीने उकडलेले दाणे खावयास दिले, म्हणून हा गाव 'बेंद काळू ऊरु', म्हणजे उकडलेल्या दाण्यांचा गाव ठरला. गोष्ट गोड आहे, परंतु बेगूर येथील एका वीरगळावर 'बेंगळूरु' हे नाव इसवी सन ८९० च्या सुमारासच कोरलेले आढळते. बल्लाळ राजे त्यानंतरचे. तेव्हा म्हातारीला रजा द्यावी लागते. काकूंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "शिलालेख असू दे. दाणे मात्र अवरेचेच असणार."

मॅजेस्टिकहून मेट्रोने निघाले की पुढचेच स्थानक संपिगे रोड. संपिगे म्हणजे चाफा. मल्लेश्वरमची वस्ती १८९८ च्या प्लेगनंतर वाढली. आखीव रस्ते, त्यांना आडवे जाणारे क्रमांकाचे 'क्रॉस', आणि मधूनमधून उरलेली बैठी, कौलारू घरे. ज्या काडु मल्लेश्वरावरून या भागाला नाव मिळाले, ते देऊळ मराठी माणसाने आवर्जून पाहावे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी या देवाला गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. पुढे १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतले आणि तीन लाख रुपयांना ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. जवळजवळ पन्नास वर्षांचा हा मराठी संसार. राज्य गेले, पण माणसे मागे राहिली, आणि नंतरही येत राहिली.

अशाच माणसांची एक बैठक शनिवारी दुपारी काकूंच्या घरी भरते. माझ्या मैत्रिणीने मला तेथे नेले. ओसरीवर चटई पसरलेली, मध्ये दोन मोठी पातेली. एकात रात्रभर भिजवून फुगलेले अवरेचे दाणे, दुसरे रिकामे. येणाऱ्या प्रत्येकाने बसावयाचे, दाणा अंगठा आणि तर्जनी यांत धरून दाबावयाचा, की साल हातात राहते आणि आतली नितळ हिरवी डाळ टपकन उडून पातेल्यात पडते. हीच ती 'हितकिद अवरेबेळे', म्हणजे पिळून काढलेली डाळ. आपल्याकडे वाल भिजवून, मोड आणून, सोलून डाळिंब्या करतात, तोच हा हातखंडा. फरक इतकाच की आपण सुकलेला वाल वापरतो आणि येथे ताजा दाणा. म्हणून आमच्या डाळिंबीला कडसर चव असते, आणि या डाळीला लोण्याची.

काकू सोलापूरच्या. १९७४ साली लग्न होऊन येथे आल्या. ते दिवस सरकारी कारखान्यांचे. हिंदुस्थान एअरक्राफ्ट १९४० चे, टेलिफोनचा कारखाना १९४८ चा, एचएमटी १९५३ चा, भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ चे. देशभरची सुशिक्षित तरुण मंडळी त्यांच्या आश्रयाने येथे आली. काकूंचे यजमान एचएमटीच्या घड्याळ विभागात होते. घड्याळांची ती कंपनी २०१६ मध्ये बंद झाली, यजमान दोन वर्षांपूर्वी गेले, पण त्यांच्या मनगटावरचे घड्याळ काकूंच्या देवघरात आहे आणि रोज सकाळी पूजेनंतर त्याला किल्ली दिली जाते.

त्यांच्या शेजारी बसल्या होत्या तंजावरकडच्या वहिनी. यांचे पूर्वज व्यंकोजींच्या मागोमाग तमिळ देशात गेले, आणि तीन पिढ्यांपूर्वी तेथून बंगळूरला आले. त्यांची मराठी ऐकताना प्रथम दचकावयास होते. क्रियापदे बखरीतली, हेल तमिळ. त्यांना मात्र आपलीच मराठी जुनी आणि आमची बिघडलेली वाटते, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढणे मला जमले नाही. चौथे भाऊजी, बंगळूरच्याच मराठा घराण्यातले, शहराच्या बससेवेतून निवृत्त झालेले. (याच बससेवेतल्या शिवाजीराव गायकवाड नावाच्या एका मराठी कंडक्टरला पुढे सारा देश रजनीकांत म्हणून ओळखू लागला, ही गोष्ट भाऊजी प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगतात.) आणि पाचव्या शेजारच्या अम्मा. त्या कन्नडिगा. मराठी समजते, बोलत नाहीत. काकू त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलतात आणि अर्ध्या वाक्यावर आमच्याकडे वळून मराठीत पुरे करतात.

गप्पा कशाच्या, तर घरच्या. कोणाच्या मोलकरणीने सुट्टी घेतली, कावेरीचे पाणी कोणत्या दिवशी येत नाही, नातू भाकरीला 'रोटी' का म्हणतो. पण पातेले जवळ असले की बोलणे खाण्याकडे वळतेच. अम्मांनी सांगितले की संक्रांतीला त्या तीळ, गूळ, खोबरे, शेंगदाणे आणि डाळे एकत्र करून घरोघर वाटतात आणि म्हणतात, तीळगूळ खा आणि चांगले बोला. कन्नडमधील ते वाक्य ऐकले तेव्हा आपले 'गोड बोला' कोणी कोणाकडून घेतले, असा प्रश्न मला पडला. पुरणपोळीला येथे होळिगे किंवा ओब्बट्टु म्हणतात. आपण कटाची आमटी करतो, तशी त्यांची ओब्बट्टिन सारु. तुपाला तुप्प, खोबऱ्याला कोब्बरी, कोशिंबिरीला कोसंबरी. उप्पीट तर सोलापूर-कोल्हापुरात आपण त्याच नावाने खातो. अनुवादकाने अशा घरी बसावे आणि आपला कोश बंद करावा.

एका शब्दाने मात्र मला हरविले. अवरेकाई हातात घेऊन अम्मांनी ती माझ्या नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "सोगडु." थंडीत दव पडले की या शेंगेला एक चिकट, तेलकट वास येतो. तो नसेल तर गिऱ्हाईक शेंग खाली ठेवते. 'दर्प' म्हणावे तर नाक मुरडल्यासारखे होते. 'सुगंध' म्हणावे तर ते अत्तर झाले. 'खमंग' हा फोडणीनंतरचा. मैत्रीण म्हणाली, "अगं, माणसाच्या बोलीलाही सोगडु असते. धारवाडच्या बोलीचे वेगळे, म्हैसूरच्या बोलीचे वेगळे." यावर वहिनी हसल्या आणि काकूंकडे बोट करून म्हणाल्या की यांच्या कन्नडला अजून सोलापूरचे सोगडु येते. काकूंना ते लागले की आवडले, मला कळले नाही. त्या खाली मान घालून दाणे पिळीत राहिल्या.

त्याचे कारण मला मैत्रिणीने आदल्या दिवशी सांगितले होते. काकूंचा मुलगा परदेशी असतो. घर जुने झाले आहे, आजूबाजूची बैठी घरे पाडून तेथे सदनिका उभ्या राहिल्या, आता यांच्या घरालाही मागणी आली आहे. सोलापूरचा पुतण्या म्हणतो, काकू, आता आपल्या माणसांत या. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी काकू सोलापूरला निघाल्या होत्या, आणि काय ते तेथे ठरवावयाचे होते. हे सर्वांना ठाऊक होते. कोणी विचारीत नव्हते.

त्याऐवजी प्रवासाच्या शिदोरीवर वाद चालला होता. काकूंचे ठरलेले : ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. वहिनींचे मत असे की रात्रीच्या गाडीत दहीभातासारखे दुसरे काही नाही. भाऊजींनी मद्दूर वड्याचे नाव काढले. मद्दूर म्हैसूरच्या वाटेवर आहे, सोलापूरच्या नव्हे, हे त्यांना दाखवून दिले तेव्हा ते म्हणाले, "वडा चांगला असेल तर वाट थोडी वाकडी करावी." मग त्यांनी स्वतःचा बेत सांगितला. त्यांना दावणगेरे जिल्ह्यात चन्नगिरीजवळ होदिगेरेला जावयाचे होते. शहाजीराजे १६६४ मध्ये शिकारीत घोड्यावरून पडून तेथे वारले, तेथे त्यांची समाधी आहे. वहिनी मार्चमध्ये तंजावरला जाणार. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा प्रचंड मराठी शिलालेख नातवाला दाखवावयाचा आणि तो त्याच्याकडून वाचून घ्यावयाचा, असा त्यांचा हट्ट आहे. नातू इंग्रजी शाळेत जातो. "एक ओळ वाचली तरी पुरे," असे त्या म्हणाल्या.

"आणि आमचा सिद्धेश्वर?" काकू एकदम म्हणाल्या. "त्याने वचने कशात लिहिली? कन्नडमध्ये." ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातील शरण, आणि त्यांची वचने कन्नड. संक्रांतीच्या यात्रेत उंच नंदीध्वजांची मिरवणूक निघते, अक्षतांचा सोहळा होतो, आणि त्या गर्दीत मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषा कानी पडतात. काकूंचे बालपण त्या गर्दीतले. "लग्नानंतर मला भाषा शिकावी लागली नाही," त्या म्हणाल्या. "फक्त नाचणीचा मुद्दा गिळायला शिकावे लागले. तो चावायचा नसतो."

थोड्या वेळाने त्या आपण होऊनच बोलल्या. "तिकडे माझ्या वयाचे कोणी उरले नाही गं. घर आहे, माणसे चांगली आहेत. पण भाजी घ्यायला गेले तर मला कोण ओळखणार? इथे आठव्या क्रॉसची भाजीवाली मला न विचारता सोगडुवाली शेंग काढून देते." भाऊजी काही बोलणार होते, वहिनींनी त्यांच्यापुढे कॉफीचा पेला सरकविला.

मल्लेश्वरमबाहेरचे बंगळूर मी पाहिले ते धावतेच. गांधी बझारातील विद्यार्थी भवनात १९४३ पासून चालत आलेला लोणी घातलेला डोसा खाल्ला. मावळ्ळी टिफिन रूम्समध्ये, दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रव्याची इडली निघाली, ती तेथेच बसून खाल्ली. अवरेबेळ्याचा मेळा पूर्वी विश्वेश्वरपुरमच्या खाऊगल्लीत भरे, अलीकडे तो नॅशनल कॉलेजच्या मैदानावर भरू लागला. तेथे या डाळीची जिलेबीसुद्धा मिळते. कुतूहल म्हणून एक खावी. दुसरी खावी असे मला वाटले नाही.

तिन्हीसांजेला काकूंनी पिळलेल्या डाळीचे वाटे केले. एक वहिनींना, एक भाऊजींना, एक माझ्या मैत्रिणीला. उरलेली एका स्टीलच्या डब्यात भरून त्यांनी अम्मांच्या हाती दिली. त्यांचा स्वतःचा फ्रीज प्रवासाच्या काळात बंद राहणार होता. अम्मांनी कन्नडमध्ये विचारले, केव्हा येणार? निरोप घेताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. कन्नडमध्येही 'होगि बरतीनि', म्हणजे 'जाऊन येते' असेच म्हणतात. काकूंनी ते म्हटले, आणि डब्याच्या झाकणावर बोटाने टकटक करून पुढे म्हणाल्या, "हा माझा. असू दे."

यात्रा होऊन महिना उलटला. परवा मैत्रिणीचा निरोप आला. काकू अजून सोलापुरातच आहेत. अवरेकाईचा हंगाम संपला, बाजारातून शेंग गेली. डबा अम्मांच्या फ्रीझरमध्ये आहे, आणि घरात पाहुणे आले तरी त्या त्याला कोणाला हात लावू देत नाहीत.