छायेचा कोन

दुपार कलल्यावर विठ्ठलवाडीच्या एखाद्या अंगणांत तीन हात काठी उभी करावी. तिची छाया चार हात भरली, कीं कर्ण पांच हातांचा आणि छायेच्या टोकाशीं होणारा कोन सुमारें ३७ अंशांचा, हें न मोजतां कळतें. त्याच क्षणीं शेजारच्या झाडाची छाया चाळीस हात असेल, तर झाड तीस हात उंच. कारण त्रिकोण कितीही वाढला तरी कोन तोच असेल तोंवर भुजांचें प्रमाण ढळत नाहीं. मलंगगडाची छाया अशी मोजतां येत नाहीं हें खरें. परंतु एका रेषेंतील दोन जागांहून शिखराचा कोन घ्यावा, मधलें अंतर मोजावें, कीं गडही गणितांत सांपडतो.

हें मर्म न सांगतां मुलांकडून ‘साइन’-‘कोसाइन’चीं कोष्टकें घोकून घेतात, याचा आम्हांस विषाद वाटतो. हा ‘साइन’ तरी परका कोठें आहे? आर्यभटाची ज्या, म्हणजे धनुष्याची दोरी, ‘जीवा’ या नांवानें अरबांकडे गेली. तेथें ती ‘जैब’, म्हणजे वस्त्राची घडी, अशी वाचली गेली, आणि बाराव्या शतकांत त्याचेंच लॅटिन भाषांतर ‘सायनस’ झालें. आपलीच लेक परक्या वेषांत माहेरीं आली, आणि आपलींच मुलें तिला भितात! त्यांच्या हातीं आधीं काठी द्यावी, कोष्टक मागाहून, एवढेंच आमचें म्हणणें आहे.