अंगठ्याच्या मापाचं

"अंगठ्यात ते काय घातलंयस गं? लागलंय का काही?" हा प्रश्न आजवर मावशीने, दोन शेजारणींनी आणि एका कुरिअरवाल्याने विचारून झालाय. तर मंडळी, एकदाच सगळ्यांसाठी सांगून टाकते. त्याला थंबपिक म्हणतात. प्लॅस्टिकची पट्टी, अंगठ्याभोवती अंगठीसारखी वळलेली, आणि तिचं एक टोक चोचीसारखं बाहेर आलेलं. या चोचीने गिटारच्या जाड तारा छेडायच्या. बाकीची बोटं मोकळी राहतात, ती बारीक तारांवर चाल वाजवतात. वाजवणारं माणूस एकच, पण अंगठा ठेका धरतोय आणि बोटं गातायत असं ऐकू येतं.

अमेरिकेत केंटकीचा मर्ल ट्रॅव्हिस असा वाजवायचा, आणि तोही अंगठा आणि तर्जनी एवढ्यावरच. चेट अ‍ॅटकिन्स नावाच्या पोराने त्याला रेडिओवर ऐकलं. दिसत तर काही नव्हतं, त्यामुळे हा नक्की तीन-चार बोटं वापरत असणार असं धरून तो तसा शिकला! पुढे त्याची स्वतःची एक शैलीच झाली. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडे हवाईयन गिटारवर सिनेमातली गाणी वाजवणारे वादक होते ना, तेही अंगठ्यात असंच पिक घालायचे. मोहनवीणा वाजवणाऱ्या विश्वमोहन भट्टांचा उजवा हात कधी नीट बघा.

आता माझ्याकडे हे कुठून आलं ते सांगते. पंधरा वर्षं मी नखाने वाजवत आले, अधूनमधून चिमटीत धरायच्या साध्या तिकोनी पिकने. गेल्या पावसाळ्यात अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या जरा वर, दुखायला लागलं. आधी बरणीचं झाकण उघडताना, मग किल्ली फिरवताना, मग नारळ खवताना. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं की सांध्याची झीज सुरू झालीये. पन्नाशीच्या आसपासच्या बायकांमध्ये हे पुष्कळ दिसतं म्हणे. त्यांनी एक गणितही सांगितलं. चिमटीत 1 किलोचा जोर दिला, तर अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर तो साधारण 12 किलोंचा होऊन पडतो. थोडक्यात काय, चिमूट कमी करा. गिटारचं विचारलं तर म्हणाले, "दुखेल ते करू नका."

दुखेल ते करू नका! आमच्या घरात हा अंगठा पिढीजात आहे. आजीचा अंगठा शेवटी शेवटी बुडातून असा बाहेर आला होता की त्याला पाट ठेवलाय असं वाटे. सुई धरता येईना तेव्हा तिने गोधड्या शिवणं थांबवलं. कुणाला काही सांगितलं नाही, तक्रार केली नाही. उरलेली कापडं ट्रंकेत भरली आणि ट्रंक माळ्यावर गेली. मी आठवीत होते. त्या दिवशी दवाखान्यातून रिक्षाने येताना मला सगळा वेळ ती ट्रंक दिसत होती.

म्हणून थंबपिक. चिमटीत धरायचंच नाही, अंगठ्याला आपोआप बसलेलं असायचं. कागदावर उत्तम. पण हे सगळं तेव्हाच खरं, जेव्हा ते मापाचं असतं. सैल असलं तर तारेला लागलं की गर्रकन फिरतं. मग ते फिरू नये म्हणून नकळत तर्जनी येऊन त्याला धरते, म्हणजे पुन्हा चिमूट, पुन्हा तेच 12 किलो. आणि घट्ट असलं तर दहा मिनिटांत अंगठ्याचं टोक जांभळं. मधलं माप दुकानात मिळत नाही. दुकानात दोन मापं मिळतात, मीडियम आणि लार्ज. हे मीडियम कुठल्या पैलवानाच्या अंगठ्यावरून ठरवलं देव जाणे. माझा अंगठा त्यात वाटीत चमचा ठेवल्यासारखा हलतो.

चार-सहा प्रकार घालून पाहिले. पितळेचं पाहिलं, धातू असल्याने दाबून हवं तसं बसवता येतं, पण आवाज असा कर्कश की आमची मांजर उठून गेली. स्प्रिंगचं पाहिलं, ते कुठल्याही अंगठ्याला बसतं हे खरं, पण मला सारखं कपड्यांचा चिमटा लावल्यासारखं वाटत राहिलं. डेलरिन नावाच्या प्लॅस्टिकचं पांढरं पिक आवाजाला फार गोड निघालं. ते मात्र सैलच, आणि त्याला वळवता येत नाही. गरम पाण्याला ते भीक घालत नाही.

तिढा सोडवला आत्याने. आत्या सांगलीची, पंचवीस-तीस वर्षं सतार वाजवलेली. मिरज हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तिची सतार, तारा, सगळं मिरजेच्या सतारमेकर गल्लीतलं. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हा तिने आम्हा सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं, जणू तिलाच मिळालंय.) संक्रांतीला गेले होते तेव्हा मी तिच्यापुढे सगळी पिकं मांडली. तिने एकेक हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "अगं, नखी कधी तयार मापाची मिळते का? नखी आणायची आणि आपल्या बोटाची करायची."

नखी म्हणजे मिजराब, सतारवाले तर्जनीत घालतात ती तारेची. ती पोलादी तारेची असते, आणि पक्कडीने दाबून दाबून आपल्या बोटाला बसवावी लागते. आत्याची कसोटी सोपी. काढल्यावर बोटावर वळ दिसला पाहिजे, पण घातलेली असताना बोट निळं पडता कामा नये. आणि बसते कुठे हे महत्त्वाचं. पेराच्या सांध्यावर चढली तर बोट वाकत नाही, फार टोकाला राहिली तर उडून श्रोत्यांत जाते. (एकदा खरंच गेली होती म्हणे, पहिल्या रांगेतल्या गृहस्थांच्या मांडीवर.) नखाच्या मुळाशी बसली की झालं. ती हे सांगत असताना मी आपला अंगठा निरखत होते. अंगठा काही नळकांडं नसतो. नखाजवळ रुंद आणि चपटा, सांध्याकडे निमुळता. आणि पिकची पट्टी मात्र सरळ गोल वळलेली. मग बसणार कशी?

प्लॅस्टिकला पक्कड चालत नाही, पण सेल्युलॉइडला गरम पाणी चालतं. कासवाच्या पाठीसारखी तपकिरी, ठिपक्यांची पिकं असतात ना, ती बहुतेक सेल्युलॉइडची. ओळखायची खूण म्हणजे जोरात घासून वास घ्यायचा, कापराचा वास येतो. सेल्युलॉइडमध्ये कापूर खरोखरच असतो. एक मात्र सांगून ठेवते, याला गॅसच्या किंवा मेणबत्तीच्या ज्योतीजवळ नेऊ नका. जुन्या सिनेमाच्या रिळांचीच ही जात, भडकन पेटते. 2003 साली पुण्यात चित्रपट संग्रहालयाची जुनी नायट्रेट रिळं जळाली, ती याच कुळातली.

तर आत्याच्या स्वयंपाकघरात आधण आलं, गॅस बंद केला, भांडं ओट्यावर घेतलं. सांडशीत पिक धरून पाण्यात बुडवलं. आत्या घड्याळ बघत होती. दहा-बारा सेकंदांत पट्टी मऊ पडते. बाहेर काढून जरा निवू दिलं, मग अंगठ्यावर घालून पट्टीचं मोकळं टोक सांध्याच्या बाजूने हलकेच आत दाबलं, आणि तसाच अंगठा गार पाण्याच्या पेल्यात. काढून पाहिलं तर पट्टी शंकूसारखी झाली होती, एकीकडे रुंद, एकीकडे अरुंद. पुन्हा घातलं. हलेना. आत्याने चोच धरून फिरवून पाहिली, तरी हलेना. पाच मिनिटांनी काढलं तर बारीक वळ, अंगठा गुलाबी. "बसली," ती म्हणाली. ती अजून पिकला नखीच म्हणते.

नंतरची कामं बारीकसारीक. चोच लांब होती, वाजवताना शेजारच्या तारेला अडकायची, आणि तळहाताची कड टेकवून जाड तारांचा आवाज दाबायचा असतो तेव्हा फारच आड यायची. नेलफाइलने रोज थोडी थोडी घासून साधारण 2 मिलिमीटर कमी केली, मग कड पॉलिशपेपरने गुळगुळीत. उन्हाळ्यात बोटं सुजतात आणि थंडीत आवळतात, म्हणून थंडीच्या दिवसांत आतून औषधाच्या दुकानात मिळते ती कापडी चिकटपट्टी लावते. एवढ्याशा पट्टीने केवढा फरक पडतो!

सांधा बरा होणारा नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. सध्या रोज पंचवीस मिनिटं वाजवते, घड्याळ लावून. तेवढ्यात दुखत नाही. मे महिन्यात चाळीस मिनिटं करून पाहिली, दुसऱ्या दिवशी कणीक मळताना जाणवलं, मग परत पंचवीसवर आले. आजीला गोधड्यांसाठी असं काही करता आलं असतं का, याचा विचार मी केलाय. सुई अंगठ्यात अडकवता येत नाही.

असो. एक काम आहे. हे पिक घासून घासून कधीतरी संपणार, आणि इथे मला सेल्युलॉइडचं मिळेनासं झालंय. कुणी मुंबईला धोबीतलावकडे जाणार असेल तर वाद्यांच्या दुकानांत विचारून मीडियम मापाची चार आणा, पैसे लगेच देते. तपकिरीच हवीत. आणि दुकानदार काहीही म्हणाला तरी घासून कापराचा वास घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.