पडद्याची दोरी

आमच्या त्र्यंबकात आवाजाला तोटा कधीच नव्हता. पुरोहितांच्या घरातलं पोरगं मुंज झाली की यजमानाला संकल्प सांगायला शिकायचं, त्यामुळे शब्द कसे खणखणीत. पण सगळं एकाच सुरात. खरा सूर होता तो निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी भजनाला बसणाऱ्यांकडे. संगीत नाटकाला दोन्ही लागतं, म्हणून गणपतीतल्या नाटकाची निवड म्हणजे या दोन आळ्यांची ओढाताण असे.

साल 1974. आळीच्या मंडळानं ‘सौभद्र’ करायचं ठरवलं. ‘ऑडिशन’ हा शब्द आम्हाला रेडिओमुळे ऐकून ठाऊक होता, पण ते पोचलेल्या गवयांचं काम. आमच्याकडे नुसता निरोप यायचा, “आज मास्तर आवाज बघणार आहेत.”

वाड्याच्या ओसरीवर, रात्रीची जेवणं आटोपल्यावर, पेट्रोमॅक्स मध्ये ठेवून मास्तर पायपेटी उघडत. बाहेर त्र्यंबकचा पाऊस, म्हणजे बोलायलाच नको. पेटीच्या दोन पट्ट्या दमट हवेनं चिकटायच्या, त्या मास्तर नखानं वर उचलत. श्रावण असल्यानं रुद्राची आवर्तनं करकरून निम्म्यांचे घसे बसलेले. मास्तरांचे प्रश्न दोनच. पहिला, “पट्टी कुठली?” दुसरा, “तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणार काय?” जो हो म्हणे त्याचं नाव खाली सरके. फेरी करून आलेला माणूस दोन दिवस पाय शेकत बसतो, तालमीला काय येणार?

उमेदवार गायला बसले की दहातले सात जण ‘मत्स्यगंधा’तलं पद काढायचे. 1964 चं ते नाटक, लिहिणारे कानेटकर आमच्या नाशिकचे, संगीत अभिषेकीबुवांचं. म्हणजे घरचंच कार्य. किर्लोस्करांच्या 1882 च्या साक्या-दिंड्या गायची पाळी आली की याच वीरांची गाळण उडे.

मी पंधरा वर्षांचा, नारदावर डोळा ठेवून बसलेला. आदल्या वर्षी आरतीत माझा आवाज काळी पाचमध्ये लख्ख लागायचा, त्याच भरवशावर तोंड उघडलं. दुसऱ्या ओळीला वरचा षड्ज घ्यायला गेलो आणि गळ्यातून एकदम दोन माणसं बोलली. ओसरी हसली. मास्तर हसले नाहीत. भाता बंद करून म्हणाले, “आवाज फुटलाय तुझा. तो जुळेपर्यंत दोरी धर.”

दोरी म्हणजे पडद्याची. खाली वासा बांधलेला, गुंडाळत वर जाणारा रंगवलेला पडदा, वर कप्पी, बाजूला अंबाडीचा दोर. काम हमालीचं वाटतं, पण पदाची तिहाई समेवर आली की पडदा सुटला पाहिजे. आधी सुटला तर नट मारतो, नंतर सुटला तर प्रेक्षक. त्यामुळे दोरीवाल्याला नाटक पाठ असावं लागतं. नारदाला फक्त नारद येत होता. मला सगळं ‘सौभद्र’ आलं. प्रयोगाच्या रात्री पावसानं दोर फुगला आणि पडदा अर्ध्यावरच अडकला; खालून बलरामाचे नुसते पाय दिसत राहिले, त्यात एका पायाला विसरून राहिलेला मोजा. तळहात सोलून निघाले तेव्हा कुठे पडदा खाली आला.

निवडीच्या बाबतीत त्र्यंबकचं नाव तसं मोठं आहे. दादासाहेब फाळके इथलेच, जन्म 30 एप्रिल 1870. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी तारामतीसाठी बाई काही मिळाली नाही, तेव्हा ग्रँट रोडच्या खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके त्यांनी उचलले. 1913 साली तारामती झालेल्या या गृहस्थांनी 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही केले. आजच्या अर्जात ‘पूर्वानुभव’ असा रकाना असतो. साळुंक्यांनी तिथे काय लिहिलं असतं?

जुन्या दिवसांची आरती ओवाळायची मला हौस नाही. त्या ‘सौभद्रा’त कृष्ण झाला तो सर्वांत मोठी वर्गणी देणाऱ्याचा मुलगा. त्याचा ताल शेवटपर्यंत आला नाही. तबलजीच त्याच्या मागे धावायचा. सुभद्रा नाशिकहून नाइट देऊन आणली. आणि आमच्या घरात सगळ्यात नेमका सूर होता तो माझ्या धाकट्या बहिणीचा. ती चुलीपुढे बसून तालमीतली पदं म्हणायची, ओसरीवर चुकलेल्या जागा माजघरात बरोबर करून. तिला पेटीपुढे बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

तिचीच नात गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे राहायला होती. नाशिकच्या एका हौशी संस्थेनं राज्य संगीत नाट्य स्पर्धेसाठी निवड काढली होती. व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना आली: दीड मिनिटाचा व्हिडिओ, ट्रॅक नको, फक्त तानपुरा, सोबत उंची, वय, दोन फोटो. आमच्या ओसरीच्या जागी आता लॉज झालंय, तेव्हा मागच्या खोलीत रेकॉर्डिंग. पंखा बंद, खिडक्या बंद, मोबाइल माझ्या हातात. “आबा, हात हलवू नका हं.” तिनं ‘कट्यार’मधलं पद घेतलं, 2015 च्या सिनेमापासून सगळे तेच घेतात, जसे आम्ही ‘मत्स्यगंधा’ घ्यायचो. चौथ्या वेळी मनासारखं झालं, तर खालच्या गल्लीत एका जीपवाल्यानं हॉर्न दाबून धरला. पाचव्या वेळचा पाठवला. गायली फार सुरेख. आजीची जागा आजीसारखीच घेतली.

वर्गणी कुणी विचारली नाही, मुलगी म्हणून कुणी मागे ठेवलं नाही. हे आमच्या काळी नव्हतं आणि ते व्हायला हवं होतं. पण सूचनेच्या शेवटी एक ओळ होती: ‘निवड झालेल्यांशीच संपर्क साधला जाईल.’ संपर्क आला नाही. ती आठवडाभर मोबाइल उलटा-सुलटा करत राहिली. नंतर म्हणाली, “नाही म्हणाले असते तरी चाललं असतं हो आबा. निदान ऐकलं की नाही ते कळलं असतं.” मी तिला माझ्या फुटक्या षड्जाची गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, “मग तुम्हाला घरी नाही पाठवलं?”

घरी कुणालाच पाठवत नसत. ज्याला गाता येत नसे तो नकला उतरवी, ज्याचं अक्षर वाईट तो रंगपेटी सांभाळी, आणि ज्याला काहीच येत नसे तो चहा आणी. त्या चहावाल्याची दोन्ही मुलं पुढे उत्तम तबला वाजवू लागली.

नाशिक-त्र्यंबककडे कुणी संगीत नाटक बसवत असेल तर कळवा. तिची पट्टी काळी चार. मला दोरी चालेल.